गंगेवरचे हे पांढरे पाहुणे कोण?

काशीतली थंडीची सकाळ. धुके अजून पुरते विरलेले नसते. दशाश्वमेध घाटावरून सुटलेली नाव नदीच्या मध्यावर पोहोचते न पोहोचते, तोच पांढऱ्याशुभ्र पक्ष्यांचा थवा तिला वेढून टाकतो. नावाडी हाका घालून त्यांना जवळ बोलावतो, मुले शेवेची पाकिटे फोडतात, मोठी माणसे भराभर फोटो काढतात. 'हे कुठले पक्षी?' असे कुणी विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते, 'सायबेरियाचे!' तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते. यात्रेहून परतल्यावर ते फोटो घरोघर दाखवले जातात, पण पक्ष्याचे नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही.

वास्तविक ते नाव आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या मोबाइलवर फोटो काढला, तोच मोबाइल पक्ष्याची ओळखही करून देऊ शकतो.

काळ्या डोक्याचा, पण डोके पांढरे

गंगेवर हिवाळ्यात येणारे हे पक्षी म्हणजे कुरव. त्यांत मुख्यतः दोन जाती असतात, काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. गंमत अशी, की थंडीत दोघांचीही डोकी पांढरी असतात. डोक्याचा गडद रंग फक्त विणीच्या हंगामात येतो. एरवी डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा उरतो. त्यामुळे नाव वाचून नवखा माणूस हमखास गोंधळतो. तपकिरी डोक्याचा कुरव थोडा मोठा असतो, पूर्ण वाढ झालेल्याचा डोळा फिकट दिसतो आणि पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो.

आता 'सायबेरियाचे' या उत्तराकडे वळू. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी घरटी करतो. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून आशियाच्या उत्तर भागापर्यंत वीण करतो. म्हणजे ठरलेले उत्तर फार तर अर्धेच खरे आहे.

मोबाइल ओळखतो कसा?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने २०१४ साली 'मर्लिन' हे अ‍ॅप सुरू केले. ते मोफत आहे. पक्षी कुठे दिसला, कोणत्या तारखेला, आकार केवढा, मुख्य रंग कोणते आणि तो काय करत होता, असे मोजकेच प्रश्न ते विचारते. त्या भागात, त्या दिवसांत आढळणाऱ्या पक्ष्यांमधून ते संभाव्य नावे छायाचित्रांसह पुढे ठेवते. फोटो दाखवला तरी चालतो. २०२१पासून आवाजावरून ओळखण्याची सोयही आहे. भारतातील पक्ष्यांची माहिती एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतली, की इंटरनेट नसतानाही ते काम करते.

मात्र अ‍ॅप अंदाज सांगते, निकाल देत नाही. घाटावरच्या घंटा, ध्वनिक्षेपक आणि मोटारबोटींच्या गोंगाटात आवाजाची ओळख फसू शकते. त्यासाठी बनारस हिंदू विद्यापीठाच्या झाडीतली पहाट अधिक बरी. अ‍ॅपने नाव सुचवले, की चोच, डोळा, पाय स्वतः ताडून पाहावेत. शंका उरली, तर नाव नोंदवू नये.

नोंद कशासाठी?

नाव कळणे ही पहिली पायरी. खरा उपयोग नोंदीचा. त्याच संस्थेच्या 'ईबर्ड' या अ‍ॅपवर जागा, वेळ, किती मिनिटे पाहिले, किती अंतर चालले आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी दिसले हे लिहिता येते. नेहमीपेक्षा वेगळी नोंद आली, तर जाणकार स्वयंसेवक ती तपासतात, प्रसंगी पुरावा मागतात.

येथे बहुतेकांची एक चूक होते. ते फक्त दुर्मीळ पक्षी लिहितात. कावळा, साळुंकी, पारवा यांत काय लिहायचे, असे त्यांना वाटते. पण ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले, तरच जो दिसला नाही त्याचीही नोंद आपोआप होते. पक्षी घटत आहेत की वाढत आहेत, हे त्यावरूनच समजते.

अशाच सामान्य हौशी माणसांच्या नोंदींवर 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३चा अहवाल उभा आहे. त्यासाठी ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदी वापरल्या गेल्या. ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. त्यांपैकी ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढण्याइतकी माहिती मिळाली आणि त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या शेकडो जातींबद्दल तसे काही सांगता आले नाही, कारण नोंदी पुरेशा नव्हत्या.

शेव नको, नजर हवी

कुरवांचे नैसर्गिक अन्न मासे, किडे, पाण्यातले लहान जीव. तळलेली खारट शेव हे त्यांचे खाणे नव्हे. शिवाय एका जागी झुंबड उडाली, की रोग पसरण्याचा धोका वाढतो, आणि रिकामी पाकिटे शेवटी गंगेतच जातात. पुण्य जोडण्यासाठी टाकलेली मूठभर शेव हजारो मैलांवरून आलेल्या पाहुण्याला बाधू शकते. मुलांच्या हाती शेवेऐवजी वही-पेन्सिल द्या आणि पाच मिनिटांत किती कुरव दिसले ते मोजायला सांगा. आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा मोहही टाळा, तो उगाच अस्वस्थ होतो.

नदीपलीकडच्या वाळूवर जरा नजर टाकलीत, तर केशरी रंगाची चक्रवाकाची जोडीही दिसेल. संस्कृत काव्यात रात्रभर विरहाने व्याकूळ होणारा तो हाच.

सुरुवातीसाठी काशीलाच जायला हवे असे नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीच्या पक्ष्यांची गणना होते. २०१३पासून भारतही तीत सहभागी आहे. गॅलरीत पंधरा मिनिटे उभे राहून केलेली नोंदही तीत धरली जाते. काशीच्या घाटांवर मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि महाराष्ट्रातून यात्रेकरूंची रीघ आजही थांबलेली नाही. यापुढे त्यांतल्या कुणी गंगाजलाबरोबर पक्ष्यांची एक नीट यादीही आणली, तर उद्या कुरव कमी झाले तेव्हा ते कुणाला कळलेच नाही, असे म्हणायची वेळ येणार नाही.