समोर विचारणारें कोणी हवें

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेलार गांव आहे. तेथील एका वृद्ध बाईंनीं आपल्या उपासनेचा वृत्तांत लिहावा असा आग्रह आम्हीं धरला, तेव्हां त्या म्हणाल्या, “आम्हां संसारी माणसांना कसला आला आहे अनुभव? संतांनीं लिहावें, आपण वाचावें.” वही मात्र त्यांनीं आणून ठेविली आहे, ती कित्येक महिने कोरीच आहे. अशी कोरी वही आमच्या अनेक वाचकांच्या घरीं असेल, म्हणून या प्रश्नाचा येथें थोडा विचार करूं.

संकोच खोटा नाहीं. ज्या मार्गांत मीपणा टाकावयाचा, त्याचीच कथा सांगतांना पानोपानीं ‘मी’ लिहावें लागतें. परंतु हा संकोच आपल्याकडे साडेतीनशें वर्षांपूर्वींच एका गृहिणीनें ओलांडला आहे. देवगांवच्या ब्राह्मण कुळांत १६२८ सालीं जन्मलेल्या बहिणाबाईंनीं अभंगांतून आपलें चरित्र सांगितलें. त्यांत वेदान्त आहे. पण मनांत घर करतें तें कोल्हापुरांतील एक वासरूं. तें बाईंच्या मागें मागें कीर्तनालाही जाई. लोकांत चर्चा होऊं लागली. पतीनें बाईंना मारलें, बांधून घातलें. पुढें वासरूं मेलें, बाई मूर्च्छित पडल्या, आणि त्यांना तुकारामांचें दर्शन घडलें. ब्राह्मणाच्या स्त्रीनें शूद्राला गुरु मानावें, हें पतीला असह्य झालें. हें सर्व बाईंनीं सांगून ठेविलें; आणि तोच पति पुढें आजारांत पश्चात्ताप पावून त्यांना देहूस घेऊन गेला, हेंही सांगितलें.

घरांतील कटु गोष्टी गाळून भक्तीची कथा सांगतां येईल असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हा भाग अवश्य पाहावा. मार गाळला, तर देहूच्या वाटेचें मोल कळत नाहीं.

दुसरें उदाहरण ख्रिस्ती लेखिकेचें आहे. कांहीं वाचक कपाळाला आठ्या घालतील. पण मराठींत या जातीचें याहून सरस पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरांत १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचें शिक्षण नव्हतें. पति नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं धर्मांतर केलें, तेव्हां बाई मागेंच राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा पुढें पांच वर्षांनीं झाला. टिळक १९१९ सालीं वारले. मुलाला वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यानें आईला आठवणी लिहून देण्यास सांगितलें. त्यांतूनच ‘स्मृतिचित्रें’ वाढलीं आणि १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. उपदेश शोधूं गेल्यास त्यांत फारसा सांपडत नाहीं. सांपडतो तो वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवराबायकोचीं भांडणें, आणि मनांतला विटाळ कसा गेला याचा साधा, विनोदी, प्रांजळ वृत्तांत.

आमच्या मतें खरी गोम येथें आहे. लक्ष्मीबाई कांहीं स्फूर्तीची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांना कोणी तरी विचारलें. बहिणाबाईंनींही अंतकाळीं आपले पूर्वजन्म सांगितले ते जगाला नव्हे, समोर बसलेल्या मुलाला. ‘लोक काय म्हणतील’ हें भय अशा वेळीं आपोआप ओसरतें, कारण समोर लोक नसतातच.

तेव्हां वहीच्या पहिल्या पानावर ‘माझा आध्यात्मिक प्रवास’ असें मोठें नांव घालूं नये. तेथें ज्या मुलाला अगर नातीला सांगावयाचें, तिचें नांव घालावें आणि एकच प्रसंग लिहावा. सत्यनारायण घरांत कोणत्या नवसानें सुरू झाला? कोणत्या वर्षीं कुलदेवतेला जाणें राहिलें, आणि कां? कोणत्या मृत्यूनंतर देवघरांत दिवा लावावासा वाटेना, आणि पुन्हां तो कोणीं लावला? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वह्यांत टाळलेला असतो. उत्तर एका बैठकींत आलें नाहीं तर तारीख घालून पान तसेंच सोडावें.

हात कांपत असल्यास नातवंडास लिहावयास बसवावें व आपण सांगत जावें. मध्येंच त्यानें कांहीं विचारलें, तर तो प्रश्नही उतरवून घ्यावा.