ऑनलाइन बोलण्याचा मायना

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी पत्रलेखनाच्या मार्कांसाठी मायना पाठ केलेला असतो. वडिलांना 'तीर्थरूप' आणि 'शि. सा. न.', बरोबरीच्यांना 'सा. न. वि. वि.', धाकट्याला 'चि.' आणि 'अ. उ. आ.' तेव्हा वाटायचं, हे सगळं कशाला? काम सांगितलं की झालं! पण होस्टेलच्या ग्रुपवरची भांडणं पाहिली की वाटतं, जुनी माणसं आपल्यापेक्षा हुशार होती.

समोरासमोर बोलताना शब्दांबरोबर आवाज आणि चेहराही पोचतो. लिहिताना नुसते शब्दच जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर बँडविड्थ कमी पडते आणि सूर वाटेतच गळतो. 'बघू' हा एकच शब्द घ्या. मेसमध्ये बोललात तर होकार, नकार की टाळाटाळ ते लगेच कळतं. स्क्रीनवर मात्र वाचणारा आपल्या मूडप्रमाणे अर्थ लावतो. त्यात आपण मराठी रोमन अक्षरांत टाइप करतो. 'बस' आणि 'बास' एकसारखेच दिसतात! म्हणजे प्रेमाने 'ये, बस' म्हणावं, तर समोरच्याला वाटायचं की गप्प केलं. मायना हीच उणीव भरून काढायचा. मजकुराआधीच तो नातं आणि सूर सांगायचा.

ही अडचण काही आपलीच नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद संगणकावरच्या फलकावर फिरला आणि काहींना ती खरीच सूचना वाटली! तेव्हा १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकतज्ज्ञाने सुचवलं, विनोदापुढे कोलन, आडवी रेघ आणि कंस टाका. तोच आपला स्मायली. पुढे १९९५ मध्ये इंटरनेटवाल्यांनी 'आरएफसी १८५५' नावाची शिष्टाचाराची नियमावलीच काढली. सगळी अक्षरं कॅपिटल लिहिणं म्हणजे ओरडणं, आणि राग आला तर उत्तर द्यायला एक रात्र जाऊ द्या, हे त्यात तेव्हाच सांगितलंय. देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून आपण उद्गारचिन्हांनी ओरडतो, इतकंच!!!

इथपर्यंत गंमत आहे. पुढचं मात्र गमतीचं नाही.

२०१४ च्या मेअखेरीस शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली. पुण्यात बसगाड्यांवर दगडफेक झाली. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये, नमाज पढून परतणारा आयटीतला एक तरुण जमावाच्या मारहाणीत मरण पावला. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. नंतर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना गावकऱ्यांनी ठार मारलं. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवर फिरणारी अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणण्याचं जाहीर केलं. पण बोट आपलं असतं, मर्यादाही आपणच घालायला हवी. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी बहुतेकांना 'मी कुठे काय लिहिलं?' असंच वाटलं असणार. पण पुढे ढकलणं हेसुद्धा बोलणंच आहे.

तर मित्रांनो, मला सुचलेला नवा मायना असा:

१. सरांना नुसतं 'हाय सर' पाठवून वाट पाहू नका. नाव, ब्रँच, रोल नंबर आणि काम एकाच मेसेजमध्ये लिहा.

२. कुणाची चूक सांगायची असेल तर त्यालाच सांगा, ग्रुपवर नको. खाजगी चॅटचा स्क्रीनशॉट न विचारता दाखवणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र चौकात वाचणं.

३. दोन अर्थ निघत असतील तर देवनागरीत लिहा.

४. राग आला तर टाइप करा, पण पाठवू नका. चहा पिऊन या. भांडण वरच्या मजल्यावरच्याशीच असेल तर जिना चढून दार वाजवा. निम्मी भांडणं दारातच मिटतात.

५. बातमी कुठून आली ते सांगता येत नसेल तर ती आपल्यापाशीच थांबवा.

स्टाफलाही एक नम्र विनंती. रात्री साडेअकराला 'उद्या सकाळी सबमिशन' असा मेसेज आला की अख्खा मजला जागा राहतो. शिष्टाचार दोन्ही बाजूंनी असावा, नाही का?

यातलं काहीच अवघड नाही. पलीकडे माणूस आहे, एवढं सेंड दाबण्याआधी आठवलं तरी पुरे.

कळावे, लोभ असावा.