नव्या टाइल्सवर कर्ज मिळत नाही

जुना फ्लॅट घ्या, 8 लाख घालून चकाचक करा, भाडेकरू ठेवा आणि लगेच वाढीव किमतीवर नवं कर्ज काढून अडकलेले पैसे सोडवा, हा सल्ला हल्ली इतक्या ठामपणे दिला जातो की तो पडताळून पाहायचं कुणाला सुचत नाही. डागडुजीत घातलेला रुपया घराच्या किमतीत सवाई होऊन उतरतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. बँकेचा मूल्यांकनकार असा हिशेब करत नाही. तो चटई क्षेत्र, इमारतीचं वय, मंजूर नकाशा आणि त्याच भागात नुकत्याच नोंदल्या गेलेल्या विक्रीचे भाव पाहतो. मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगला त्याच्या लेखी फार थोडी किंमत, कारण घर लिलावात काढायची वेळ आली तर तो खर्च वसूल होत नाही. उलट परवानगीविना बाल्कनी खोलीत घेतली असेल, तर तीच आडवी येते.

आकडेच मांडू. 60 लाखांचा फ्लॅट, त्यावर 48 लाखांचं कर्ज, वर 8 लाखांचं नूतनीकरण. मालकाच्या मनात किंमत 75 लाख, मूल्यांकनात मात्र 62 लाख. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या 80 टक्के, म्हणजे 49.6 लाख. साडेआठ टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर पहिल्या वर्षात मुद्दल जेमतेम लाखभर फिटतं. तेव्हा हाती येतील अडीच लाखांच्या आसपास, तेही प्रक्रिया शुल्क आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क जाण्याआधी. टॉप-अपला, म्हणजे चालू गृहकर्जावर घेतलेल्या वाढीव कर्जाला, ही मर्यादा कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2024 चं पतधोरण निवेदन वाचावं: काही संस्था टॉप-अप कर्जात ही मर्यादा आणि पैशाच्या वापरावरची देखरेख नीट पाळत नाहीत, असं गव्हर्नरांनी त्यात स्पष्ट बजावलं आहे.

‘अमेरिकेत तर हे सर्रास चालतं’, हा पुढचा युक्तिवाद. तिथेही गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमानुसार एप्रिल 2023 पासून, असं रोख काढून घेणारं कर्ज हवं असेल तर फेडायचं मूळ कर्ज किमान 12 महिने जुनं असावं लागतं. शिवाय तिथे अनेक शहरांत भाड्यातून हप्ता भागू शकतो. आपल्याकडे वरच्या उदाहरणात हप्ता सुमारे 41,600 रुपये. भाडं वर्षाला किमतीच्या 3 टक्के धरलं तर महिना 15,000. नूतनीकरणाने भाडं दोन-तीन हजारांनी वाढेल, भाडेकरू लवकर मिळेल, हे खरंच. पण कर्ज वाढवलं की हप्त्याची तूट आणखी रुंदावते आणि ती पगारातूनच भरावी लागते.

बाकीचे समज किरकोळ. मुदतीआधी कर्ज फेडलं की दंड पडतो, हे व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला 2012 पासून लागू नाही. टॉप-अपचं सगळं व्याज करातून वजा होतं असंही नाही. घराच्या खरेदी-दुरुस्तीसाठी वापरलेल्या रकमेचंच होतं, गाडी घेतली तर नाही. आणि भाड्याचं उत्पन्न बँकेने धरावं असं वाटत असेल, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असू द्या.