धान्याची नासाडी व साठवण

पिकाची कापणी झाल्यापासून धान्य खाणाऱ्याच्या घरी पोहोचेपर्यंत त्याचे वजन, पोषणमूल्य, उगवणक्षमता किंवा विक्रीयोग्यता यांत जी घट येते, तिला कापणीपश्चात नासाडी असे म्हणतात. ही घट शक्य तितकी कमी ठेवून धान्य पुढील हंगामापर्यंत टिकविणे हा साठवणीचा उद्देश होय. पीक वर्षातून एकदा वा दोनदा हाती येते, अन्न मात्र रोज लागते. त्यामुळे धान्य साठविण्याची कला शेतीइतकीच जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये स्वतंत्र अध्यायात सांगितलेली आढळतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे भारतातील परिस्थितीचा विचार केला आहे.

नासाडीचे प्रमाण : भारत सरकारने १९६० नंतरच्या दशकात नेमलेल्या पानसे समितीने अन्नधान्याची एकूण नासाडी ९.३३ टक्के असल्याचा अंदाज केला. त्यापैकी ६.५८ टक्के नासाडी साठवणीतील होती. तीत कीटकांमुळे २.५५, उंदरांमुळे २.५०, पक्ष्यांमुळे ०.८५ व ओलाव्यामुळे ०.६८ टक्के घट येत असे. उरलेली घट मळणी, वाहतूक व प्रक्रिया यांत होई. लुधियाना येथील केंद्रीय कापणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रमाण तृणधान्यांत ४.६५ ते ५.९९ टक्के, तर कडधान्यांत ६.३६ ते ८.४१ टक्के आढळले. दोन्ही अंदाजांच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. जगातील एक तृतीयांश अन्न वाया जाते, असा जो अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये मांडला, त्यात फळे, भाज्या, दूध, मांस व ताटात टाकलेले अन्न हेही धरलेले होते. केवळ धान्याला तो लागू पडत नाही. तथापि टक्केवारी लहान दिसली, तरी नासाडी लहान ठरत नाही. २०२०–२१ पासून भारताचे वार्षिक अन्नधान्य उत्पादन ३० कोटी टनांहून अधिक आहे. त्याचा एक टक्का वाचविणे म्हणजे जमीन, पाणी व खत यांचा जादा वापर न करता ३० लाख टनांहून अधिक धान्य पिकविण्यासारखेच होय.

नासाडीची कारणे : साठविलेला दाणा सजीव असतो. तो श्वसन करतो आणि त्यात उष्णता, पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतात. धान्य ओले असल्यास श्वसनाचा वेग वाढतो, रास आतून तापते आणि बुरशी व कीटक यांना अनुकूल परिस्थिती लाभते. म्हणून धान्यातील जलांश हा साठवणीतील सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. तृणधान्यांत तो सामान्यतः १२ टक्क्यांच्या आसपास व कडधान्यांत त्याहून कमी असल्यास साठवण बरीच सुरक्षित होते. जलांश ९ टक्क्यांच्या खाली गेल्यास बहुतेक कीटकांची वाढ मंदावते. खापरा भुंगेऱ्याची अळी मात्र याला अपवाद असून ती कोरड्या धान्यातही तग धरते व अन्नावाचून दीर्घकाळ जगू शकते.

तांदूळ, ज्वारी व गहू यांना सोंडे लागतात. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून त्यात अंडे घालते व भोक चिकट स्रावाने बुजविते. अळी दाण्याच्या आतच वाढत असल्याने धान्य वरून चांगले दिसत असतानाही आतून पोखरले जाते. उबदार हवेत एक पिढी सु. महिन्याभरात पूर्ण होते. त्यामुळे थोड्या किडक्या दाण्यांपासून काही महिन्यांत सबंध पोते निकामी होऊ शकते. कडधान्यांवरील भुंगेऱ्यांचा उपद्रव पुष्कळदा शेतातील शेंगांपासूनच सुरू होतो. उंदीर व घुशी धान्य खातात. शिवाय विष्ठा, मूत्र व केस यांनी पुष्कळ धान्य दूषित करतात.

बुरशीमुळे होणारी हानी वजनात मोजता येत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमाभागातील आदिवासी खेड्यांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. घरात दुसरे धान्य नसले, की खराब झालेले धान्यही खाल्ले जाते. त्यामुळे साठवणीचा प्रश्न आरोग्याचाही ठरतो.

पारंपरिक पद्धती : महाराष्ट्रात बांबूच्या विणलेल्या व शेणामातीने लिंपलेल्या कणग्या, घरातील बळदे, मातीचे रांजण आणि जमिनीतील पेवे यांचा वापर होत आला आहे. पेव म्हणजे पाणी न साचणाऱ्या उंच जागी खणलेला, तोंडाशी अरुंद व आत रुंद असा खड्डा होय. त्याच्या तळाशी व कडेने कडबा किंवा भूस घालून ज्वारी भरतात आणि तोंड मातीने बंद करतात. धान्याच्या व कीटकांच्या श्वसनाने आतील ऑक्सिजन संपत जातो व कीटक मरतात. याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरणे प्राणघातक असते; म्हणून ते काही काळ उघडे ठेवून हवा खेळू देणे आवश्यक असते. सांगलीजवळील हरिपूर येथील पेवे हळदीच्या साठवणीसाठी प्रसिद्ध आहेत; २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेक निकामी झाली. डाळींना एरंडेल तेल चोळणे, धान्यात राख वा कडुलिंबाचा पाला मिसळणे, उन्हात वाळवून पाखडणे हे घरगुती उपाय थोड्या धान्यापुरते उपयुक्त आहेत.

सुधारित पद्धती : भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत मातीच्या विटांच्या दुहेरी भिंतींमध्ये पॉलिथिनचा कागद घातलेला असतो; उंदरांना प्रतिबंध व्हावा म्हणून तळाकडील बाहेरचे थर भाजलेल्या विटांचे करतात. हापूर येथील धान्य साठवण संस्थेने पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार केला. पश्चिम आफ्रिकेत चवळीच्या साठवणीसाठी प्रचारात आलेल्या तीन थरांच्या हवाबंद पिशव्या पेवाच्याच तत्त्वावर कार्य करतात. मात्र हवाबंद साधनात ओले धान्य भरल्यास ते कुबट होते. त्यामुळे वाळवणीला पर्याय नाही. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून रचावीत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून निघणारा फॉस्फीन वायू कीटकांप्रमाणे माणसांनाही मारक आहे. म्हणून त्याची धुरी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच द्यावी. राहत्या घरात ती कधीही देऊ नये.

सार्वजनिक साठवण : केंद्रीय वखार महामंडळ व महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ यांची स्थापना १९५७ मध्ये, तर भारतीय अन्न महामंडळाची स्थापना १९६५ मध्ये झाली. सरकारी खरेदीचे धान्य मुख्यत्वे गोणपाटाच्या पोत्यांतून गुदामांत ठेवतात. ती अपुरी पडत, तेव्हा उघड्या जागी ओट्यांवर थप्प्या रचून त्या पॉलिथिनने झाकण्याची पद्धत अवलंबिली गेली. ही पद्धत स्वल्पखर्चिक असली, तरी पावसाळ्यात जोखमीची आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या पातळीवर गुदामे उभारण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केली.

आर्थिक बाजू : सुरक्षित जागेच्या अभावी व कर्जफेडीच्या निकडीमुळे लहान शेतकऱ्याला खळ्यावरील रास लगेच विकावी लागते. त्या वेळी आवक मोठी असल्याने भाव उतरलेले असतात. पुढे घरासाठी तेच धान्य त्याला चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. हे नुकसान नासाडीच्या कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने १९९०–९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना राबविली आहे. वखार विकास व नियमन अधिनियम, २००७ अन्वये वखारीच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचे स्वरूप मिळाले असून तिच्या तारणावर कर्ज घेता येते. मात्र चार-पाच पोत्यांच्या धन्याला तालुक्याची वखार लांब पडते. त्याच्या दृष्टीने घरातील कोरडी, उंदरांपासून सुरक्षित कोठी हाच नासाडी टाळण्याचा आणि विक्रीची वेळ स्वतः ठरविण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे.