होल्बी सोडून गेलेली माणसं

6 सप्टेंबर 1986 रोजी बीबीसीवर ‘कॅज्युअल्टी’ या इस्पितळ-मालिकेचा पहिला भाग लागला. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन या तिच्या तरुण निर्मात्या-लेखकांच्या मनात राग होता. थॅचरबाईंच्या राजवटीत सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, पैशाअभावी कशी खंगते आहे, हे त्यांना अपघात विभागातल्या रात्रपाळीच्या चमूतून दाखवायचं होतं. शहर काल्पनिक, नाव होल्बी. चित्रीकरण आधी ब्रिस्टलला व्हायचं, 2011 पासून कार्डिफच्या स्टुडिओत.

मालिका एवढी टिकली याचं श्रेय बहुतेक जण आगी, रेल्वे अपघात आणि रक्तबंबाळ स्ट्रेचरना देतात. मला ते अर्धवट वाटतं. ती टिकली ती माणसं सतत जात राहिली म्हणून. आपल्याकडच्या कौटुंबिक मालिकेत सून घर सोडून गेली तर कथाच मोडते. म्हणून नटी बदलते, सून तीच राहते आणि प्रेक्षकही दोन दिवस कुरकुरून नवा चेहरा स्वीकारतात. इस्पितळाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये दर ऑगस्टमध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या तुकड्या बदलतात, नर्स दुसरीकडे जातात, वरिष्ठ निवृत्त होतात. नटाचा करार संपला की पात्राला बदली, राजीनामा किंवा मृत्यू देता येतो आणि त्यात काहीच अनैसर्गिक वाटत नाही.

पहिल्या चमूतली मेगन रोच ही आयरिश नर्स ब्रेंडा फ्रिकरने साकारली. ‘माय लेफ्ट फूट’साठी तिला 1990 मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी तिने मालिका सोडली. पण लेखकांनी मेगनला विसरू दिलं नाही. तिला अधूनमधून परत आणलं आणि 2010 मध्ये तिचा शेवट लिहिला: असाध्य आजाराला कंटाळलेली मेगन स्वतःहून मरण पत्करते. शनिवारी रात्री जेवणाच्या ताटावर बसलेल्या घरांसमोर इच्छामरणाचा प्रश्न ठेवण्याचं धाडस एका जुन्या पात्रामुळेच शक्य झालं. नव्या पात्राच्या तोंडी तो नुसता वाद ठरला असता.

डफीच्या जाण्याची गोष्ट याहून लांबली. कॅथी शिप्टनने ही नर्स पहिल्या भागापासून उभी केली, 1993 मध्ये मालिका सोडली, 1998 मध्ये ती परतली, मग पुन्हा गेली, पुन्हा आली. उत्तरायुष्यात डफीचं तिचा जुना सहकारी नर्स चार्ली याच्याशी लग्न होतं आणि मग तिला डिमेन्शिया गाठतो. 2020 मध्ये तिचा मृत्यू दाखवला. जिने तीन दशकं दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या तिलाच स्वतःचं घर ओळखता येईना, हे पाहणं जड होतं. माझ्या मते मालिकेतला सर्वांत चांगला लिहिलेला निरोप हाच.

सगळेच जण इस्पितळाबाहेर जात नाहीत, काही मजला बदलतात. 1999 मध्ये याच इस्पितळातल्या वॉर्डांवर ‘होल्बी सिटी’ ही भावंड मालिका निघाली. तिच्यातला सर्जन निक जॉर्डन 2008 मध्ये खाली अपघात विभागात आला, तर कॉनी बोशाम 2014 मध्ये. अमांडा मीलिंगची ही कॉनी आली ती थेट विभागाचा ताबा घ्यायलाच. सुनेत्रा सरकार या लिव्हरपूलच्या भारतीय वंशाच्या अभिनेत्रीची झोई हॅना 2007 ते 2016 इथे राबली. एनएचएसची उभारणी पहिल्यापासून भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांच्या खांद्यावर झाली आहे. त्या हिशेबाने पडद्यावर अशी मध्यवर्ती डॉक्टर यायला फार उशीर झाला, हेही नोंदवलं पाहिजे.

या येण्याजाण्यात एकच माणूस जागचा हलला नाही: डेरेक टॉम्प्सनचा चार्ली फेअरहेड. पुरुष नर्स नायक होणं 1986 मध्ये नवलाचंच. चार्लीचं खरं काम म्हणजे इतरांना निरोप देणं. मुलाची आई बाझ गेली, मेगन गेली, डफी गेली आणि प्रत्येक वेळी कॅमेरा चार्लीच्या चेहऱ्यावर थांबला. टॉम्प्सन फार न बोलता ते पेलायचे. या शांतपणाची किंमतही होती. 2017 मध्ये बीबीसीने मोठ्या मानधनांची यादी पहिल्यांदा जाहीर केली, तेव्हा अभिनेत्यांत सर्वांत वर त्यांचं नाव निघालं, साडेतीन ते चार लाख पौंडांच्या गटात.

16 मार्च 2024 रोजी चार्ली गेला. आधी चाकूहल्ला आणि जिवावरचं दुखणं, मग सहकाऱ्यांनी वाचवणं आणि शेवटी निवृत्ती. त्याला मारलं नाही, हे बरं झालं. चाकू मात्र मला अनावश्यक वाटला. सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणूस साधेपणाने घरी गेला असता तरी लोकांनी डोळे पुसलेच असते.

बीबीसीच्या इतर वैद्यकीय मालिकांना एवढं आयुष्य लाभलं नाही. ‘होल्बी सिटी’ 2022 च्या मार्चमध्ये बंद झाली, तर बर्मिंगहॅममध्ये बनणारी ‘डॉक्टर्स’ ही दुपारची मालिका वाढत्या निर्मितीखर्चामुळे 2024 च्या नोव्हेंबरमध्ये. ‘कॅज्युअल्टी’ मात्र छोट्या, सलग कथानकांच्या मालिका करत चार्लीशिवायही चालू राहिली.