गाडीभाड्याचा हिशेब कोण ठेवतो?

कारखान्यात बोट मशीनखाली सापडले की पहिल्या दिवशी सगळे धावतात. खरी ओढाताण पुढे सुरू होते. टाके निघाले तरी व्यायामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा दवाखाना. रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. हात गळ्यात बांधलेला म्हणून सोबत घरचे माणूस, म्हणजे त्याचाही रोज बुडाला. महिनाभराने घरधनी म्हणतो, "राहू दे आता, बरे आहे." ते बोट मग वाकत नाही. पुढे प्रेसवर काम मिळत नाही. आमच्या वस्त्यांतून अशी बोटे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकरांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. विमा योजना चालूच आहे. जखमेमुळे काम बंद असेतो सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण अपंगत्व ठरवण्यासाठी वैद्यकीय मंडळाने बोलावले, तर जाण्यायेण्याचे भाडे व त्या दिवसाची बुडालेली मजुरी मागता येते, हे कोणी सांगत नाही. खिडकीवरचा कारकून तर नाहीच नाही!

विम्याच्या दवाखान्याने मोठ्या इस्पितळात पाठवले तर तशी चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नये. स्वतःहून गेलेल्याचा खर्च पुढे अडतो. भाड्याबद्दलही चिठ्ठी घेतानाच विचारावे.

ज्यांचा विमा नाही, अशा छोट्या वर्कशॉपमधील बांधवांना उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आहे. ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने जुन्या नुकसानभरपाई कायद्यात आली, नव्या संहितेतही आहे. भाड्याचा आकडा त्याच अर्जात लिहावा. मालक कुरकुरेल, "तेवढ्यासाठी काय भांडता" म्हणेल. तेवढ्यातच घरचा आठवड्याचा बाजार होतो, हे आमच्या भगिनींना विचारा.

हिशेब ठेवायचे काम त्यांनीच घ्यावे, असे आम्हास वाटते. मुलाच्या जुन्या वहीत तारीख, कुठून कुठे, किती पैसे. तिकीट त्याच पानाला टाचावे. रिक्षाला पावती नसते, म्हणून दवाखान्याच्या कागदावर त्या दिवसाचा शिक्का मारून घ्यावा. आणि मूळ कागद देण्यापूर्वी झेरॉक्स काढून तिच्यावर पोच घ्यावी, सहीसकट.