त्रास किती, शून्य ते दहा

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या आसपास विमानतळ आहे, गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे, गांधीनगरची कापडपेठ आहे. कॅन्सरवर उपचार करणारं केंद्रही जवळच्या गोकुळ शिरगावात आहे. एका पिढीपूर्वी या पट्ट्यात कुणाला गाठ निघाली, की मिरज गाठायचं, नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई. ‘टाटाला नेलंय’ एवढ्यावर गावाला सगळं कळायचं. ज्याला नेलंय, त्याला मात्र पुष्कळदा काही कळू दिलं जात नसे. उपचार दारापाशी आले. रुग्णाच्या मनाची चौकशी तेवढी जवळ आली का?

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. त्या काळात माणूस वाचतो का, हाच प्रश्न एवढा मोठा होता, की त्याला झोप लागते का हे विचारायला कुणाला सवड नव्हती. अमेरिकेतही चित्र वेगळं नव्हतं. 1961 सालच्या एका पाहणीत 90 टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कॅन्सरचं निदान न सांगण्याकडे होता. 1979 साली तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. रोगाचं नाव उघड झालं, तशी त्यानं मनावर काय होतं याचीही विचारणा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी 1977 साली कॅन्सर रुग्णांसाठी पूर्णवेळ मानसोपचार सेवा उभी केली.

अडचण साधी होती. डॉक्टरला वेळ नाही आणि रुग्ण आपणहून बोलत नाही. दुखणं किती, हे शून्य ते दहा या मापावर विचारायची पद्धत तोवर रुळली होती. तेच माप मनाच्या त्रासाला लावलं गेलं. कागदावर तापमापकाचं चित्र. गेल्या आठवड्यातला त्रास किती, तिथं रुग्णानं खूण करायची. चार किंवा त्याहून वर आकडा गेला, तर पुढची चौकशी. सोबत अडचणींची यादी: पैसा, प्रवास, काम, मुलंबाळं, भीती, झोप. 1999 साली अमेरिकेत याची मार्गदर्शक तत्त्वं आली. 2004 साली कॅनडात मनाच्या त्रासाला नाडी, श्वास, ताप, रक्तदाब आणि वेदना यांच्या पंक्तीत सहावं स्थान मिळालं.

महाराष्ट्रात हे काम आकड्याशिवाय सुरू झालं. मुंबईत 1969 साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली, 1986 साली वांद्र्याला कॅन्सर रुग्णांची शुश्रूषा करणारं शांती अवेदना सदन आलं. 1994 साली वंदना गुप्ता यांनी स्वतःच्या आजारपणानंतर व्ही केअर ही संस्था सुरू केली. कॅन्सरमधून उठलेली माणसं नव्या रुग्णापाशी बसू लागली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला आलेल्या कुटुंबांनीही एकमेकांचं ऐकून घेतलं. पण तपासणीच्या कागदावर त्याची नोंद कुठं होणार?

नोंदीनं सगळं भागतं असंही नाही. ब्रिटनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, तापमापक आणि यादी भरून घेऊन रुग्णांशी बोलल्यानं त्यांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधून उलट बाजू समोर आली. तिथं 21 हजारांहून जास्त रुग्णांच्या तपासणीत गंभीर नैराश्य आढळलेल्यांपैकी 73 टक्क्यांना त्यावर योग्य उपचार मिळत नव्हते. मग अशा 500 रुग्णांवर चाचणी झाली. कॅन्सर विभागातल्या परिचारिका आणि मानसोपचारतज्ज्ञांनी मिळून पाठपुरावा केला, तेव्हा 62 टक्क्यांचं नैराश्य निम्म्यानं किंवा अधिक उतरलं. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण 17 टक्के होतं. प्रश्नामागे उपचार उभा असेल, तरच प्रश्नाला अर्थ.

आपल्याकडे त्याआधीचीच एक गाठ सोडवावी लागते. हे माप आपला आजार माहीत असलेल्या, स्वतःबद्दल स्वतः बोलणाऱ्या माणसासाठी बनलं. इथं ओपीडीत रुग्णासोबत मुलगा, सून, भावकीतला एखादा जाणता असतो. ‘आईला काय बोलू नका, डॉक्टर’ हे दाराबाहेरच सांगून झालेलं असतं. आत विचारलं, तर उत्तर मुलगाच देतो, आणि आई ‘बरं हाय’ म्हणून मोकळी होते. तिनं दोनवर खूण केली, तरी तो आकडा घरच्यांसमोर दिलेला असतो.

म्हणून आपल्याकडे यादी आधी हवी, आकडा नंतर. मनाचं विचारलं की माणूस आखडतो. गाडीभाडं, बुडालेला रोज, सोसायटीचं कर्ज, म्हशीची धार कोण काढतं हे विचारलं की बोलू लागतो आणि बोलता बोलता भीतीपर्यंत येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेनं शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशनचा मोठा भार उचलला. बुडालेला रोज मात्र घरालाच सोसावा लागतो, आणि रात्रीची झोप तिथंच उडते.

विचारायला माणूसही आहे. तिशीपुढच्यांसाठी आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या खुणांसोबत आता मनाचेही दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. म्हणजे गावपातळीवर कॅन्सर आणि मन एकाच कागदावर आलेत. ऑक्टोबर 2022पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे.

उरलं ते जोडकाम. निदान झाल्यावर, उपचार बदलताना आणि उपचार संपल्यावर मनाच्या त्रासाचा तोच प्रश्न पुन्हा, नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवून विचारायचा. आणि चार किंवा त्याहून वर गेलेल्या रुग्णाला कुणाकडे पाठवायचं, ते नाव तापमापकाच्या कागदावर विचारण्याआधीच लिहिलेलं असायला हवं.